उन्हाळी ट्रेकमधली थंडी

मे महिना आला की पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून ट्रेकर मंडळींचे जथे हिमाचल आणि उत्तराखंडकडे निघतात. घरी घामाच्या धारा लागलेल्या असताना सॅक भरली जाते आणि ‘उन्हाळाच तर आहे’ म्हणून स्वेटर कपाटातच राहतो. पण दर १००० मीटर उंचीमागे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. २००० मीटरवर २० अंश असतील, तर ४००० मीटरवर सातच उरतात आणि रात्री पारा शून्याखालीही जातो.

शरीराच्या आतल्या भागाचे तापमान साधारण ३७ अंश असते. ते ३५ अंशांखाली गेले की त्याला ‘हायपोथर्मिया’ म्हणतात. त्यासाठी बर्फच हवा असे नाही. पाऊस, वारा आणि थकवा एकत्र आले, तर दहा अंशांतही तो गाठू शकतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून थंडीपेक्षा ओल जास्त घातक.

आपल्याकडे उन्हाळ्यात सोयीचे ठरणारे सुती कपडे इथे उलटतात. सुती बनियन आणि जीन्स घाम शोषतात, लवकर वाळत नाहीत आणि अंगाला चिकटून ऊब काढून घेतात. त्याऐवजी तीन थर ठेवावेत. अंगालगत लवकर वाळणारा पॉलिस्टर किंवा पातळ लोकरीचा कपडा, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट. चढ सुरू होण्याआधी एक थर काढावा म्हणजे घाम कमी येतो. थांबल्यावर मात्र गारठण्याची वाट न पाहता तो लगेच चढवावा. कानटोपी आणि हातमोजे सॅकमध्ये वरच असावेत.

झोपण्यासाठी कोरड्या कपड्यांचा आणि पायमोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा बांधून ठेवावा. दिवसा तो वापरू नये. स्लीपिंग बॅगवर अनेकदा दोन तापमाने लिहिलेली असतात. ‘कम्फर्ट’चा आकडा पाहून निवड करावी, ‘लिमिट’चा नव्हे. पिसांची बॅग हलकी आणि उबदार असते, पण भिजली की निरुपयोगी होते. अंगाखालची बॅग वजनाने दबते व तिची ऊब कमी होते, म्हणून खाली जाड मॅट हवीच. तोंड बॅगेत खुपसून झोपू नये, श्वासाच्या वाफेने ती आतून दमट होते. उपाशी झोपणेही टाळावे.

सोबतचा माणूस कुडकुडतो आहे, बोलताना अडखळतो आहे, चालताना तोल जातो आहे, चेन लावणेही त्याला जमत नाही, अशी लक्षणे दिसली तर थांबावे. कुडकुडणे अचानक थांबले आणि गुंगी वाढली, तर तो बरा झाला असे समजू नये; ती धोक्याची खूण आहे. त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, मॅटवर झोपवून स्लीपिंग बॅगेत गुंडाळावे. पूर्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल, तर गरम गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत. दारू तर मुळीच देऊ नये. तिने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते. गुंगी असेल तर त्याला चालवू नये, गटप्रमुखाला कळवून तातडीने वैद्यकीय मदत मागवावी.

सॅकचे वजन कमी करायचे असेल, तर फोटोसाठी घेतलेले जादा कपडे खुशाल काढावेत. कोरडा जोड मात्र राहू द्यावा.