मोटरमन नसलेल्या गाडीत काय काय चुकू शकते?

उज्जैनला २०२८ मध्ये सिंहस्थ भरेल. त्यानिमित्ताने इंदूरची मेट्रो उज्जैनपर्यंत नेण्याचा प्रस्ताव चर्चेत आहे. इंदूरचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ रोजी सुरू झाला: जेमतेम सहा किलोमीटर, पाच स्थानके. तिचे तीन डब्यांचे संच अल्स्टॉम कंपनीने गुजरातमधल्या सावलीला बांधले, तेही चालकाविना धावू शकतील असे. तेव्हा उद्या ही गाडी क्षिप्राकाठी पोचलीच, तर पुढच्या केबिनमध्ये कुणी बसलेले असेलच असे नाही. यात घाबरण्यासारखे काही आहे का? आहे, पण लोक ज्याला घाबरतात त्यात फारसे नाही.

लोकांना वाटते, समोर दुसरी गाडी आली तर थांबवणार कोण? हा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. जपानमध्ये कोबेला १९८१ पासून आणि फ्रान्समध्ये लीलला १९८३ पासून चालकाविना गाड्या धावतात. दिल्लीच्या मॅजेंटा मार्गावर अशी गाडी २८ डिसेंबर २०२० रोजी सुरू झाली. त्यासाठी आधी नियम बदलावे लागले. गाडी रेडिओवरून आपला ठावठिकाणा सतत कळवते, संगणक तिला कुठवर जायचे ते सांगतो आणि संपर्क तुटला की ब्रेक लागतात. अशा यंत्रणेला ‘सिल-४’ हा सर्वांत कडक दर्जा लागतो. त्याचा अर्थ, घातक बिघाडाची शक्यता दहा कोटी तासांत एकापेक्षा कमी. वर्षांत मोजायचे तर सुमारे ११,४०० वर्षे.

आकडा ऐकून छाती फुगते, पण तो फक्त यंत्रणेचा आहे. मोटरमन गाडी चालवण्यापलीकडे बरेच काही करतो. दरवाजात कोण अडकले आहे ते बघतो, जळका वास आला की सावध होतो, अंधारात गाडी थांबली तर लोकांना धीर देतो. सुरक्षेची तपासणी करणारे अभियंते अशा प्रत्येक कामापुढे एक प्रश्न लिहितात: आता हे कोण करणार? मग प्रत्येक धोका किती वेळा उद्भवेल आणि उद्भवला तर किती नुकसान करेल, याचा हिशेब मांडतात. धोक्यांची ही नोंदवही बांधकामाआधीच उघडते आणि गाड्या धावू लागल्यावरही बंद होत नाही. निदान होऊ नये.

एवढे करूनही काय निसटते, ते जपानमधल्या योकोहामात दिसले. १ जून २०१९ रोजी शिन-सुगिता या शेवटच्या स्थानकातून चालकरहित गाडी निघाली ती उलट्या दिशेने, आणि साधारण २५ मीटरवरच्या अडथळ्यावर आदळली. अनेक जण जखमी झाले. कारण होते एक तुटलेली तार. डब्याच्या सांगाड्याला घासून घासून ती झिजली होती. दिशा बदलण्याचा संदेश त्याच तारेतून मोटरींकडे जायचा. गाडीतल्या संगणकाने दिशा बदलल्याची खात्री करून घेतली, पण स्वतःच्याच नोंदीवरून; मोटरींना विचारलेच नाही. संदेश न मिळालेल्या मोटरी आधीचीच दिशा धरून बसल्या. ती तार सोडली तर प्रत्येक भाग नेमून दिल्याप्रमाणे वागला, आणि तरी गाडी उलटी गेली. केबिनमध्ये माणूस असता तर पहिल्या दोन मीटरांतच त्याने ब्रेक लावला असता, असे मला वाटते.

माणूस मध्ये आला की धोका टळतो, असेही नाही. क्वालालंपूरच्या केलाना जया मार्गावर २४ मे २०२१ रोजी एक रिकामी, बिघडलेली गाडी कर्मचारी हाताने चालवत होता. ती चुकीच्या दिशेने निघाली आणि प्रवाशांनी भरलेल्या स्वयंचलित गाडीवर बोगद्यात आदळली. २००हून अधिक जखमी. मॅजेंटा मार्गाच्या उद्घाटनाआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, कालिंदी कुंज डेपोची भिंत फोडून बाहेर आलेली गाडीही हातानेच हलवली जात होती, ब्रेक न तपासता. यंत्राकडून माणसाकडे सूत्रे जातात ती घटका सर्वांत नाजूक. एरवी हात न लावणाऱ्या माणसाला नेमक्या अडचणीच्या वेळी गाडी चालवायला लागते, आणि सवय तर मोडलेली असते.

उज्जैनच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त चिंता फलाटाची वाटते. सिंहस्थाला खानदेश-विदर्भातून येणाऱ्या बाईच्या डोक्यावर गाठोडे, कडेवर लेकरू आणि मागे सुटलेला पदर. दरवाजाचा सेन्सर हात ओळखतो. पातळ कापडाशी त्याची गाठ अवघड. दिल्लीत इंद्रलोक स्थानकावर डिसेंबर २०२३ मध्ये कपडा दरवाजात अडकून एका महिलेचा मृत्यू झाला, आणि त्या गाडीला चालक होता. यावर उपाय म्हणजे फलाटाच्या कडेला काचेचे दरवाजे. पण त्यांनी नवी फट तयार होते: शांघायच्या १५ क्रमांकाच्या चालकरहित मार्गावर जानेवारी २०२२ मध्ये एक वृद्धा गाडीच्या आणि फलाटाच्या दरवाजांच्या मधे सापडून दगावली.

आणि गाडी दोन स्थानकांच्या मधे बंद पडली तर? शहरात स्थानके किलोमीटर-दीड किलोमीटरवर असतात. इंदूर-उज्जैन रस्त्याला मैलोगणती शेते. मे महिन्यात माळव्यात पारा चाळिशी ओलांडतो. वीज गेलेल्या बंद काचेच्या डब्यात एसी थांबल्यावर माणसे किती वेळ शांत बसतील? कुणीतरी दरवाजा उघडून उन्नत मार्गावर उतरू लागेल, आणि शेजारच्या रुळाची वीज चालू असू शकते. नियंत्रण कक्षातला आवाज ध्वनिक्षेपकावरून धीर देईल, पण हात धरून खाली उतरवायला माणूसच लागतो. तो तिथे किती मिनिटांत पोचेल, कोणत्या वाहनाने, आणि सिंहस्थासाठी बंद केलेल्या रस्त्यांतून कसा, हा आकडा परवानगीच्या कागदांत असला पाहिजे. आणि त्याची चाचणी रिकाम्या गाडीवर, जानेवारीच्या सकाळी घेऊन चालणार नाही.