म्हशीचे दात आणि चित्राचा 'अवकाश'

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस घेणारा शेतकरी आधी तिचे दात पाहतो, कास चाचपतो, चार पावले चालवून बघतो आणि मगच भावाचे बोलतो. दलालांचा व्यवहार मात्र उपरण्याखाली, बोटे दाबून! भोवतीच्यांना भाव कळू नये, एवढाच त्या खुणेचा हेतू.

चित्रप्रदर्शनांच्या गुळगुळीत पुस्तिका वाचताना आम्हाला हेच उपरणे आठवते. तिथे चित्रकार चित्र काढतच नाही. तो 'अवकाशाला प्रश्नांकित' करतो. भिंतीला शिडी टेकवली की 'आरोहणाच्या शक्यतांचे विखंडन' होते. आम्ही वकील, 'सदरहू' आणि 'उपरोक्त' लिहूनच आमचे पोट भरते. तरीही आम्हाला घाम फुटतो!

अॅलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन यांनी प्रदर्शनांची हजारो इंग्रजी निवेदने तपासून 2012 साली दाखवून दिले, की कलाबाजाराने आपली एक निराळीच इंग्रजी तयार केली आहे. मायामीत 2019 साली मॉरिझिओ कॅटेलानने भिंतीला चिकटपट्टीने केळे चिकटवले. त्याच कलाकृतीची एक प्रत 2024 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 62 लाख डॉलरला गेली. आमच्या जळगावच्या केळी उत्पादकाला एवढी शब्दसंपत्ती कुठून यावी?

हसून सोडून द्यावे, असा हा विषय नाही. आमची खेड्यातली पोरे कलामहाविद्यालयात जातात. त्यांच्या हातात रेषा असते, डोळ्यात जगणे असते. पण चित्राविषयी 'निवेदन' लिहा म्हटले की ती गारठतात. दार बंद होते, आणि खापर फुटते ते 'गुणवत्ते'वर!

नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडके अडकवलेला अस्पृश्य रंगवला. तो समजायला कोणती पुस्तिका लागते? आमच्या आजीने ते चित्र पाहिले असते, तर तिनेच आम्हाला समजावले असते.

बुद्धवचन छांदस भाषेत घालू द्या, अशी मागणी झाली तेव्हा तथागतांनी ती नाकारली. विनयपिटकात तशी नोंद आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक' काढला, तो मराठीत. ज्ञान कमी होते म्हणून नव्हे, ऐकणारा माणूस महत्त्वाचा होता म्हणून.

तेव्हा तरुण चित्रकारांनो, चारच ओळी लिहा. पण आईला वाचून दाखवता येतील अशा. म्हैस दुभती असेल, तर उपरणे कशाला हवे?