गाडीचा टप : सावलीसाठी की ताकदीसाठी?

सेमाडोह हे मेळघाटातले, सिपना नदीकाठचे गाव. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता या गावावरून जातो. अमरावती-अकोल्याकडच्या अनेक शाळांच्या सहली इथे येतात, आणि जंगल पाहायला मुले उघड्या जिप्सीत बसतात. टप काढलेली, मागे उंच बाके बसवलेली ही गाडी दगडगोट्यांतून, नाल्यांतून, चढउतारांवरून बिनतक्रार धावते. तिच्याकडे पाहून कोणालाही वाटेल की गाडीचा टप हा केवळ ऊन-पावसापासून बचाव करणारा भाग आहे. छत्रीसारखा, हवा तेव्हा उघडावा, नको तेव्हा मिटावा.

आता दुसरी बाजू पाहू. जगभर वेगवान, दोन आसनी स्पोर्ट्‌स कारचे शौकीन आहेत. अशा गाड्या बहुधा दोन रूपांत मिळतात. एक उघडी, म्हणजे रोडस्टर. दुसरी पक्क्या टपाची, म्हणजे कूपे. (कूपे हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ ‘कापलेली’. घोडागाडीच्या काळात मागचा भाग कापून आखूड केलेल्या गाडीला हे नाव मिळाले.) वाऱ्याची मजा, डोक्यावर आकाश हे सगळे उघड्या गाडीत असते. तरीही ज्यांना गाडी चालवण्याचा खरा नाद आहे, त्यांच्यातले पुष्कळ जण पक्क्या टपाचीच गाडी शोधतात. असे का? याचे उत्तर शोधायला मोटार लागत नाही. बुटाचे एक रिकामे खोके पुरते.

खोक्याचा प्रयोग

पुठ्ठ्याचे खोके घ्या. झाकण काढून ठेवा. दोन्ही टोके दोन हातांत धरून ओला कपडा पिळतो तसे पिळून पाहा. खोके सहज पिळले जाईल. आता झाकण लावा आणि त्याच्या कडा चिकटपट्टीने सर्व बाजूंनी पक्क्या करा. पुन्हा पिळा. तोच पुठ्ठा, तेच हात, पण आता खोके जवळजवळ हलत नाही. झाकणाचे वजन एकूण वजनाच्या मानाने थोडेच, मग एवढा फरक कुठून आला?

एक पोस्टकार्ड टेबलावर सपाट ठेवा आणि त्याच्या आयताचा समांतरभुज चौकोन करायचा प्रयत्न करा. जमणार नाही. तेच कार्ड उचलून वाकवायला मात्र काहीच जोर लागत नाही. पातळ पत्र्याचा हाच स्वभाव आहे. तो वाकायला मऊ, पण स्वतःच्या प्रतलात तिरपा व्हायला अतिशय ताठर असतो. बंद खोके पिळायचे असेल तर त्याची प्रत्येक बाजू अशी तिरपी व्हावी लागते, आणि प्रत्येक बाजू त्याला विरोध करते. झाकण काढले की उरलेल्या पाच बाजू आपापले आयत शाबूत ठेवून नुसत्या किंचित मुरडतात. उघड्या तोंडाचा आयत तेवढा तिरपा होतो, कारण तिथे विरोध करायला काहीच नसते. एक बाजू गेली की उरलेल्या बाजूंची ताकदही वाया जाते. साखळीची एक कडी काढावी तसे हे आहे.

नळीच्या बाबतीत हा फरक आकड्यांत मांडता येतो. पातळ पत्र्याची गोल नळी घ्या आणि तशीच दुसरी, पण लांबीला एक उभी चीर असलेली. पिळाला विरोध करण्याच्या दोघींच्या क्षमतेचे गुणोत्तर काढायला सोपे आहे : त्रिज्येला जाडीने भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा, त्याला तीनने गुणा. त्रिज्या २० मिलिमीटर आणि जाडी १ मिलिमीटर असेल, तर उत्तर येते ३ × २० × २० = १२००. एका बारीकशा चिरेने नळीचा पिळाविरुद्धचा ताठरपणा बाराशेपट कमी होतो!

मेळघाटातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. अख्खा बांबू दोन हातांनी पिळणे पहिलवानालाही शक्य नाही. तोच बांबू फोडून त्याच्या कामट्या काढल्या की त्या हव्या तशा वळतात, मुरडतात, आणि त्यांच्या टोपल्या विणता येतात. पदार्थ एकच, फरक पडतो तो आकार बंद असण्या-नसण्याने.

मोटार म्हणजे खोके

आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. जमिनीचा पत्रा, बाजू, खांब, टप, समोरची काच हे सगळे मिळून एकच खोके बनते आणि तेच सगळा भार वाहते. खिडक्या-दारांसाठी त्याला मोठी भोके पाडलेली असतात हे खरे, पण भोकांभोवतीच्या चौकटी, त्यांचे जाड कोपरे आणि पक्की चिकटवलेली काच बरीच भरपाई करतात. एक पुढचे चाक दगडावर चढले आणि दुसरे खड्ड्यात गेले की गाडीला पीळ बसतो. तेव्हा टप झाकणाचे काम करतो.

टप कापला की उरते ते उघडे खोके. मग कारखानदाराला दारांखालच्या तुळया जाड कराव्या लागतात, तळाला आडवे पट्टे जोडावे लागतात, समोरच्या काचेची चौकट मजबूत करावी लागते. म्हणूनच टप काढून बनवलेली गाडी हलकी होण्याऐवजी पुष्कळदा जडच होते. एवढे करूनही बंद खोक्याची सर येत नाही. बी.एम.डब्ल्यू. कंपनीची झी-३ ही गाडी मुळात उघडी होती. तिथल्या काही अभियंत्यांनी तिच्यावर पक्का टप चढवला आणि १९९८ पासून ती कूपे विकली जाऊ लागली. तिचा पिळाविरुद्धचा ताठरपणा उघड्या गाडीच्या अडीच पटींहून अधिक निघाला. मागून ती अशी काही बोजड दिसे की लोकांनी तिला ‘विदूषकाचा बूट’ असे नाव ठेवले. पण चालवणाऱ्यांना ती इतकी आवडली की आज जुन्या गाड्यांच्या बाजारात शौकीन तिला हौसेने शोधतात. पोर्शे कंपनीच्या उघड्या बॉक्स्टरची पक्क्या टपाची बहीण केमन २००५ मध्ये आली. तिचीही गोष्ट हीच आहे.

चालवणाऱ्याला काय कळते?

ताठरपणा डोळ्यांना दिसत नाही. मग शौकिनाला तो कळतो कसा? चाक आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये स्प्रिंगा आणि शॉकअब असतात. वळणावर गाडी किती कलावी, कोणत्या चाकावर किती भार यावा, हे अभियंता या स्प्रिंगांच्या हिशेबाने ठरवतो. पण अंगच पिळले जात असेल तर तीही एक स्प्रिंग झाली, आणि दोन स्प्रिंगा एकापुढे एक जोडल्या की जोडी प्रत्येकीपेक्षा मऊ होते. उदाहरणादाखल सस्पेन्शनचा ताठरपणा १ आणि अंगाचा १० मानू. जोडीचा ताठरपणा येतो १० ÷ ११, म्हणजे सुमारे ०.९१. अंगाचा ताठरपणा २५ केला, तर तो २५ ÷ २६, म्हणजे सुमारे ०.९६. पहिल्या गाडीत अभियंत्याच्या हिशेबातले नऊ टक्के हरवले, दुसरीत चारच. अंगाच्या या स्प्रिंगेला शॉकअबही नसतो, त्यामुळे तिची थरथर लवकर शमत नाही.

कंपनांचाही प्रश्न आहे. खराब रस्त्यावर चाके सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा खालीवर थरथरतात. गाडीच्या अंगाची स्वाभाविक कंपने याच्या जवळपास असली, तर झोक्याला तालात धक्का द्यावा तशी ती वाढत जातात. उघड्या गाडीत आरसा आणि स्टिअरिंग थरथरते ते यामुळे. वस्तुमान तेवढेच ठेवून ताठरपणा अडीचपट केला, तर कंपनसंख्या अडीचच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे १.६ पट होते आणि चाकांच्या तालापासून दूर जाते. थरथर थांबली की रस्त्याची बातमी हाताला स्वच्छ मिळते. ‘गाडी हाताला लागते’ असे कसलेला ड्रायव्हर म्हणतो, त्यामागे हे गणित आहे.

वाऱ्याचाही थोडा वाटा आहे. उघड्या गाडीत काचेच्या मागे हवा भोवरे करत आत शिरते आणि गाडीला मागे ओढते. ब्रिटनची एम.जी.बी. ही उघडी गाडी १९६२ मध्ये आली आणि तिची पक्क्या टपाची आवृत्ती १९६५ मध्ये. टपाच्या वजनामुळे तिला वेग घ्यायला किंचित जास्त वेळ लागे, पण कमाल वेग मात्र ताशी सुमारे ८ किलोमीटरने वाढला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हा फायदा मोठ्या वेगालाच दिसतो.

आपल्याकडेही दोन्ही जातींची उदाहरणे आहेत. सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ ही फायबरग्लासच्या अंगाची, रेनोचे १.२ लिटरचे इंजिन असलेली छोटी उघडी गाडी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेने २०१२ च्या दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ‘अवंती’ ही दोन आसनी, पक्क्या टपाची गाडी मांडली.

मग जिप्सीचे काय?

विचारी विद्यार्थी इथे हात वर करील : टप एवढा महत्त्वाचा, तर जिप्सीचा काढूनही ती मोडत कशी नाही? कारण ती जुन्या घडणीची आहे. तिच्या तळाशी शिडीसारखी लोखंडी चासी असते. दोन उभ्या तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे सगळा भार वाहतात, आणि वरचे अंग नुसते बोल्टांनी बसवलेले असते. ते झाकण कधीच खोक्याचा भाग नव्हते, म्हणून काढले तरी फारसे बिघडत नाही. १९८५ मध्ये आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, पण जंगलात ती टिकून राहिली.

शिवाय ताठरपणा सगळीकडे गुणच असतो असेही नाही. ओबडधोबड अंगणात चार पायांचे पक्के लाकडी स्टूल डुगडुगते, कारण एक पाय अधांतरी राहतो. सुंभाने विणलेली बाज मात्र थोडी मुरडून चारही पाय टेकते. मालवाहू ट्रकची चासी म्हणूनच बहुधा पन्हळीसारख्या, एका बाजूने उघड्या तुळयांची करतात. ती पिळली जाते आणि खड्ड्यांतही चाके जमिनीवर टेकून राहतात. वेगाला ताठर अंग हवे, तर खाचखळग्यांना थोडे लवचीक.

पण टपाचे एक काम असे आहे की ज्याला चासीचा पर्याय नाही. गाडी उलटली तर तिचे वजन टप आणि त्याचे खांब झेलतात. उघड्या स्पोर्ट्‌स कारमध्ये यासाठी आसनांमागे मजबूत कमानी बसवतात. जंगलातल्या उघड्या गाडीत धरायला बसवलेला पाइप हे काम करीलच असे नाही. त्यातून मुले उभी राहिली की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि गाडी उलटण्याची शक्यता वाढते. सहलीला नेणाऱ्या शिक्षकांनी गाडी चालू असताना मुलांना बसवूनच ठेवावे. ही केवळ शिस्तीची बाब नाही, पदार्थविज्ञानाचीही आहे.

वर्गात करून पाहा

खोक्याचे एक टोक टेबलाच्या कडेला पक्के बांधा. दुसऱ्या टोकाला एक लांब पट्टी आडवी चिकटवा, तिच्या मधोमध खाली एक टेकू द्या आणि एका टोकाला वाळूची पिशवी टांगा. पट्टीचे टोक किती खाली गेले ते मोजा. आधी झाकणाशिवाय, मग झाकण नुसते ठेवून, मग चिकटवून आणि शेवटी झाकणात खिडक्या कापून. खिडकी किती मोठी केली की झाकण असून नसल्यासारखे होते? खिडकीवर प्लास्टिकचा पातळ कागद ताणून चिकटवला तर काय होते? दोन्ही प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून काढावीत आणि त्यांचा आलेख काढावा. समोरची काच कारखान्यात इतक्या काळजीने का चिकटवतात, ते त्या आलेखातून त्यांना आपोआप कळेल.