खातं बंद करायचं, पण गिऱ्हाईक गमवायचं नाही

 

आज बोलायचंय ते हाताच्या कलेवर छोटा धंदा करणाऱ्या बायांशी. आपल्या भंडारा जिल्ह्यात कोणी कोशाच्या कापडावर शिवणकाम करते, कोणी बांबूच्या टोपल्या विणते, कोणी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवते. गेल्या काही वर्षांत प्रत्येक प्रशिक्षणात आपल्याला सांगितलं गेलं की फेसबुकवर या, इन्स्टाग्रामवर या, गिऱ्हाईक तिथं आहे. ते खोटं नव्हतं. पण आता गटाच्या बैठकीत उलटा प्रश्न निघतो. रात्री अकरापर्यंत फोन हातातून सुटत नाही, घरात कुरबुर होते, ऑर्डर मात्र तेवढ्याच. मग यातून बाहेर पडता येतं का? पडलो तर धंदा बुडेल का?

आम्ही आठ जणी मोहाडी तालुक्यात कोशाच्या कापडाचे बटवे, ओढण्या आणि तोरणं करतो. मागच्या दिवाळीनंतर आम्ही आमची दोन्ही खाती थांबवली. त्याआधी चार महिने तयारी केली. त्या तयारीबद्दलच आज सांगतो, कारण बाहेर पडणं सोपं आहे; गिऱ्हाईक सोबत घेऊन बाहेर पडणं हे काम आहे.

तिथलं गिऱ्हाईक कोणाचं?

फेसबुक आणि इन्स्टाग्राम वापरायला पैसे लागत नाहीत, कारण त्यांची कमाई जाहिरातींवर चालते. माणूस जितका वेळ फोनला खिळून राहील तितक्या जाहिराती त्याला दिसतात. म्हणून कोणाला काय दाखवायचं हे कंपनीचं यंत्र ठरवतं. तुमच्या पानाला हजार लोक जोडले गेले, म्हणजे तुमचा नवा बटवा हजार जणांना दिसला असं होत नाही. आधी तो थोड्यांना दाखवतात. त्यांनी थांबून पाहिला तर आणखी थोड्यांना. जास्त लोकांना दाखवायचा तर पैसे भरा म्हणतात. कधी फोटो चालतात, कधी व्हिडिओच चालतात, आणि हा बदल तुम्हाला कोणी विचारून करत नाही.

आठवडी बाजारात आपली बसायची जागा ठरलेली असते. मागच्या वेळी ज्या झाडाखाली बसलो, तिथंच गिऱ्हाईक शोधत येतं. इथं मात्र दर आठवड्याला जागा बदलते, आणि आज कुठं बसवलंय ते आपल्याला कळतही नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या हजार लोकांचे पत्ते आणि नंबर आपल्याकडं नसतात. ते कंपनीकडं असतात. आपलं खातं गेलं की ते हजार लोकही गेले.

हे नुसतं बोलणं नाही. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ अॅप बंद केले. सरकारने देशाच्या सुरक्षेचं कारण दिलं. ते बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. पण खेड्यापाड्यांतून टिकटॉकवर नाव कमावलेल्या लोकांची सगळी ओळख एका झटक्यात पुसली गेली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप जगभर एकाच वेळी साधारण सहा तास बंद पडले. तिन्ही एकाच कंपनीचे आहेत, म्हणून तिन्ही एकदम गेले.

आपल्याच राज्यातलं एक उदाहरण घ्या. नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमनबाई धामणे, म्हणजे यूट्यूबवरच्या ‘आपली आजी’. शाळेची पायरी न चढलेल्या या आजींनी नातवाच्या मदतीने चुलीजवळचे पदार्थ दाखवले आणि लाखो लोक जोडले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचं चॅनल कोणीतरी चोरलं. काही दिवसांनी ते परत मिळालं. आजींचं नाव मोठं होतं, बातम्या आल्या, धावपळ झाली. आपल्या आठ जणींच्या पानासाठी एवढी धावपळ कोण करणार?

आधी शेठ, आता अॅप

कोशाच्या धंद्याला हे दुखणं नवं नाही. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजाची कुटुंबं कोसे पाळतात, कोष्टी बांधव मागावर कापड विणतात. करवतीच्या दात्यांसारख्या काठाची आपली करवत काठी साडी यातूनच आली, आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण बऱ्याच विणकरांचा अनुभव काय? शेठने सूत दिलं, शेठने साडी नेली, हाती मजुरी पडली. साडी कोणी नेसली, तिला ती आवडली का, हे विणणाऱ्याच्या घरी कधी कळलंच नाही. विकायचा रस्ता एकच असला की त्या रस्त्यावर जो उभा आहे, त्याचं ऐकावं लागतं. तिथं आधी शेठ होता, आता अॅप आहे.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे. खातं ठेवा की काढा, गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर आपल्या वहीत असला पाहिजे.

बाहेर पडावं की नाही?

सगळ्यांनी पडावं असं आम्ही म्हणत नाही. ब्रिटनमधल्या लश नावाच्या साबण-प्रसाधनांच्या मोठ्या कंपनीने २६ नोव्हेंबर २०२१ पासून फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक आणि स्नॅपचॅट सोडलं. तरुण मुलामुलींच्या मनावर याचा वाईट परिणाम होतो, हे त्यांनी कारण दिलं. पण लशची अनेक देशांत स्वतःची दुकानं आहेत. गिऱ्हाईक दुकानात चालत येतं. ज्या गटाचा जेमतेम पहिलाच माल निघालाय, त्याने त्यांचं बघून खातं काढू नये.

आधी एक महिना हिशोब ठेवा. वहीत चार रकाने आखा: तारीख, फोनवर गेलेला वेळ, आलेली चौकशी, पैसे देऊन झालेली विक्री. समजा, रोज दोन तास फोटो काढण्यात आणि उत्तरं देण्यात गेले. महिन्याचे साठ तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसात दिवसांची मजुरी झाली. तेवढ्या दिवसांत किती बटवे शिवले असते? आता शेवटचा रकाना बघा आणि तुमचं तुम्हीच ठरवा. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एक प्रश्नही विचारा: ‘ताई, आमचा पत्ता कुठून मिळाला?’ उत्तर वहीत लिहा. आमच्या वहीत निम्म्याहून जास्त उत्तरं ‘मैत्रिणीकडं पाहिलं’ आणि ‘प्रदर्शनात घेतलं होतं’ अशी निघाली. तिथूनच आमचा निर्णय झाला.

तयारीची चार कामं

पहिलं काम, गिऱ्हाइकांची वही. नाव, गाव, नंबर, काय घेतलं, केव्हा घेतलं. ‘नवा माल आला की कळवू का?’ हे विचारूनच नंबर लिहायचा. न विचारता निरोप पाठवले की लोक चिडतात. वही कागदाचीच ठेवा आणि तिची नक्कल दुसरीच्या घरी ठेवा.

दुसरं काम, निरोप. तीन-चार महिने आधीपासून प्रत्येक फोटोखाली लिहा की आम्ही अमुक महिन्यापासून इथं नसू, माल हवा असेल तर या नंबरवर फोन करा. वेळ बघून ठरवा. रोवणीच्या दिवसांत कोणाला सवड नसते आणि दिवाळीच्या तोंडावर विक्री सोडून चालत नाही. दिवाळीनंतरच्या मंडया आटोपल्या की तो काळ बरा.

तिसरं काम, आपलं सामान उचलून घेणं. दोन्ही अॅपच्या सेटिंगमध्ये आपले फोटो आणि माहिती उतरवून घेता येते. जुन्या नमुन्यांचे फोटो हा आपला ठेवा आहे. तसंच खातं कोणाच्या नावाने आहे ते बघा. बऱ्याच गटांचं खातं कोणाच्या तरी मुलाने किंवा भाच्याने काढून दिलेलं असतं. तो नोकरीला नागपूर-पुण्याला गेला की पासवर्डही गेला. तो आधी गटाच्या नंबरवर करून घ्या.

चौथं काम, लगेच खातं पुसू नका. कायमचं काढायला सांगितलं की तीस दिवसांची मुदत असते. त्यात परत आलात तर खातं वाचतं, नंतर नाही. आम्ही पुसलं नाही. शेवटचा एक फोटो, त्याखाली फोन नंबर, आणि बस. त्यामुळे जुनं गिऱ्हाईक शोधत आलं तर त्याला रस्ता सापडतो.

मग विकायचं कुठं?

एक रस्ता सोडून पुन्हा एकाच रस्त्यावर यायचं नाही. निदान तीन हवेत. पहिला रस्ता मंडई, जत्रा आणि प्रदर्शनांचा. १९७५ पासून चालणारं माविम आणि ‘उमेद’ अभियान बचत गटांच्या मालाची प्रदर्शनं भरवतात. मुंबईचं महालक्ष्मी सरस त्यातलंच. तालुक्याच्या कार्यालयात आपल्या गटाचं नाव वेळेवर द्यायला हवं. दुसरा रस्ता शहरातल्या एखाद-दोन दुकानांचा. तिथं माल ठेवताना किती नग दिले, पैसे कधी मिळणार, हे कागदावर लिहून सही घ्या. तिसरा रस्ता जुन्या गिऱ्हाइकांचा. प्रत्येक पुडक्यात एक छोटं कार्ड टाका: गटाचं नाव, नंबर, कापड कसं धुवायचं. बटवा हातोहात फिरतो, कार्डही सोबत फिरतं.

प्रदर्शनात लोक विचारतात, हा खरा कोसा कशावरून? कापडाचा एक धागा काढून त्यांच्यासमोर जाळून दाखवा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. असा विश्वास समोरासमोरच बसतो.

व्हॉट्सअॅपचं काय, हे सगळ्याच विचारतात. आम्ही ते ठेवलंय, पण निरोपापुरतं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांपर्यंत निरोप जातो, आणि तो ज्यांनी आपला नंबर साठवलाय त्यांनाच पोचतो. म्हणून ‘आमचा नंबर साठवून ठेवा’ हे सांगायला विसरू नका. रात्री आठनंतर उत्तर देणार नाही, असं आम्ही ठरवून कळवलं. कोणी रागावलं नाही.

फोनवर व्यवहार करताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘मी फौजेतला साहेब आहे, हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील’ असं कोणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० वर फोन करा. कोणी घाणेरडे निरोप पाठवून त्रास देत असेल तर महिलांसाठी १८१ आहे. ही गोष्ट लपवून ठेवू नका, गटात सांगा.

आमचं काय झालं?

पहिले तीन महिने मुंबई-पुण्याच्या नव्या चौकश्या कमी झाल्या, हे खरं आहे. हात थोडा आखडता घ्यावा लागला. पण ‘किंमत काय?’ विचारून गायब होणारे थांबले. आता फोन येतो तो घेणाऱ्याचाच. संध्याकाळचे दोन तास मोकळे झाले. त्यात दोघी जणी नवं भरतकाम शिकल्या. वहीतली जुनी गिऱ्हाइकं लग्नसराईत परत आली आणि सोबत एकेक नवी घेऊन आली.

तेव्हा येत्या बैठकीत एक करा. फोन बाजूला ठेवा, कोरी वही घ्या आणि ज्यांनी गेल्या वर्षात तुमचा माल पैसे देऊन घेतला अशा पंचवीस जणांची नावं नंबरासकट लिहून बघा. लिहिता आली, तर बाहेर पडायचा विचार करायला हरकत नाही. पाच-सातवरच अडलात, तर खातं तूर्त राहू द्या आणि उद्यापासून वही भरायला लागा.