तलावावरून हाकलले, त्यांनीच डोंगर राखले

डोंगर, जंगल, नदी, सहल ह्या सगळ्या पोट भरलेल्या माणसांच्या गोष्टी, असे सर्रास बोलले जाते. दिवसभर घाम गाळणाऱ्याला झाडापाखरांचे कौतुक कुठून असणार, असेही वर ऐकवले जाते. अमेरिकेतील लॅटिनो समाजाची हकीकत वाचली म्हणजे हे बोलणे किती पोकळ आहे ते कळते. ती हकीकत आम्ही आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा, तसेच मध्य व दक्षिण अमेरिकेतील देशांत ज्यांचे मूळ आहे, त्यांना तिकडे लॅटिनो म्हणतात. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे शंभरात जवळजवळ १९ भरली. ह्यांतले सगळेच बाहेरून आलेले नाहीत. १८४८ साली मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला, तेव्हा कित्येक घराणी जागची हललीही नव्हती. सरहद्दच त्यांच्या डोक्यावरून पुढे सरकली.

ह्या लोकांच्या वाट्याला काय आले ते पाहा. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहरात १९१४ साली सार्वजनिक पोहण्याचा तलाव सुरू झाला. गोऱ्यांना तो खुला. मेक्सिकन, काळ्या आणि आशियाई लोकांना आठवड्यातून फक्त एक दिवस. तो दिवस संपला की तलावातले पाणी सोडून देत, तलाव धुऊन काढीत आणि नवे पाणी भरीत. ह्याचा अर्थ आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

जवळच्या सॅन बर्नार्डिनो शहरात तर बागेतल्या तलावाचे दार मेक्सिकन वंशाच्या लोकांना बंदच होते. तेथे इग्नासिओ लोपेझ नावाचे एक संपादक होते. ते 'एल एस्पेक्तादोर' हे स्पॅनिश साप्ताहिक चालवीत. त्यांनी आणि आणखी चौघांनी नगरपालिकेला कोर्टात खेचले. कर आम्ही भरतो, मग बाग आणि तलाव आमचा का नाही, हा त्यांचा रोकडा सवाल होता. १९४४ साली न्यायाधीश यांक्विच यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. मोकळ्या हवेत खेळण्याचा हक्कसुद्धा भांडून मिळवावा लागला, तो असा.

आता ह्याच लोकांनी निसर्गाला काय दिले ते पाहू. न्यू मेक्सिको आणि दक्षिण कोलोरॅडोच्या कोरड्या मुलखात 'असेकिया' नावाचे गावपाट आहेत, ही रीत स्पॅनिश वसाहतीच्या काळातली. डोंगरावर वितळणारे बर्फाचे पाणी त्यांतून शेतात येते. पाट साऱ्या शेतकऱ्यांच्या मालकीचा. त्यावर त्यांनीच निवडलेला पाटकरी असतो, त्याला 'मायोर्दोमो' म्हणतात. पाण्याच्या पाळ्या तो लावतो. वसंत ऋतूत घरटी माणूस फावडे घेऊन पाट साफ करायला येतो. दुष्काळ पडला तर टंचाईही वाटून घ्यायची, हा जुना रिवाज आहे. ह्या मातीच्या पाटांतून पाणी झिरपते, त्यावर काठची झाडे जगतात आणि झाडांवर पाखरे. कोलोरॅडोतील सॅन लुईस गावचा पाट १८५२ सालचा आहे आणि अजून वाहतो आहे. पर्यावरण हा शब्द लोकांच्या तोंडी येण्याआधीपासून ही माणसे ते काम करीत आली आहेत.

दुसरी गोष्ट शेतमजुरांची. १९६५ साली कॅलिफोर्नियातील डेलानो येथे द्राक्षमळ्यांत आधी फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला, लगेच मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. डोलोरेस ह्युएर्ता ह्या बाई त्या संघटनेच्या एक संस्थापक. मळेवाल्यांशी वाटाघाटी करायला त्याच बसत. लढा नुसत्या मजुरीचा नव्हता. पिकावर फवारलेले विष मजुराच्या अंगावर पडते, कपड्यांतून घरी येते, लेकराबाळांपर्यंत पोचते. १९७० साली मळेवाल्यांनी करार केले, त्यांत डी. डी. टी. सारख्या औषधांना मज्जाव करणारी कलमे मजुरांनी घालून घेतली. अमेरिकन सरकारने डी. डी. टी. वर बंदी घातली ती १९७२ साली. सरकारच्या आधी मजूर जागा झाला होता.

तिसरी हकीकत एका कामगाराच्या मुलीची. हिल्डा सोलिस यांचे वडील मेक्सिकोहून आलेले, बॅटरीच्या कारखान्यात कामाला, युनियनचे कार्यकर्ते. आई निकाराग्वाची, खेळण्यांच्या कारखान्यात राबणारी. लॉस एंजेलिसजवळच्या ज्या भागात हिल्डाबाई वाढल्या, तेथे शहराचा कचरा येऊन पडे. पुढे त्या राज्याच्या सिनेटवर गेल्या. गरीब वस्त्यांच्याच माथी घाण का मारता, हा प्रश्न धसास लावून १९९९ साली त्यांनी पर्यावरणीय न्यायाचा कायदा करून घेतला. नंतर राष्ट्राच्या संसदेत जाऊन सॅन गॅब्रिएल नदीच्या खोऱ्याची पाहणी करण्याचा कायदा त्यांनी २००३ साली मंजूर करवला. लॉस एंजेलिस परगण्यातील मोकळ्या जागेचा सुमारे ७० टक्के भाग ह्याच डोंगरांत आहे. खालच्या वस्त्यांतील लॅटिनो कुटुंबे रविवारी नदीकाठी जेवणाचे डबे घेऊन जातात, त्यांचे हेच माहेर. लोकांनी मागणी लावून धरली आणि १० ऑक्टोबर २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ३ लाख ४६ हजार एकरांवर ह्या डोंगरांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. २०२४ साली त्यात आणखी सुमारे १ लाख ६ हजार एकरांची भर पडली.

होसे गोन्झालेझ ह्या शिक्षकाने २०१३ साली 'लॅटिनो आउटडोअर्स' ही संस्था काढली. तिच्या सहलीत आजीपासून नातवापर्यंत सगळे घर चालते, झाडांची नावे स्पॅनिशमध्येही सांगितली जातात. शिखर किती झटपट गाठले ह्याला तेथे फारसे महत्त्व नाही. आपण येथले आहोत, ही जाणीव मुलांच्या मनात रुजावी, हा हेतू. २०१४ साली लॅटिनो निसर्गरक्षण सप्ताहही सुरू झाला.

आमच्या मते ह्या साऱ्यातून एकच गोष्ट दिसते. जमिनीवर ज्याने घाम गाळला त्याला तिचे मोल कळते, आणि ज्याला दारातून परत पाठवले त्याला दार उघडे ठेवण्याचे मोल कळते. ही हकीकत घरातल्या मुलामुलींना वाचून दाखवा. ज्यांच्या शिवण्याने तलाव बाटतो असे मानले, त्यांच्याच नातवंडांसाठी आज डोंगर राखले गेले आहेत, आणि ते राखण्यात त्यांच्याच माणसांचा हात आहे, हे त्यांना कळू द्या.