चित्रकाराचा चरितार्थ

आपल्या घरांतून चित्रांचें कौतुक कमी नाहीं. दिवाणखान्यांत एखादें निसर्गचित्र असतें, देवघरांत तसबिरी असतात, आणि घरांतील मूल एलिमेंटरी व इंटरमीजिएटच्या चित्रकला-परीक्षा वरच्या श्रेणींत उत्तीर्ण झालें म्हणजे त्याचीं प्रशस्तिपत्रें आल्यागेल्यास दाखविण्यांत येतात. परंतु तोच मुलगा किंवा तीच मुलगी "मी याच कामावर पोट भरीन" असें म्हणूं लागली कीं, वडीलधाऱ्या मंडळींचे चेहरे गंभीर होतात. ही काळजी अनाठायीं नाहीं; पण "नको" म्हणण्यापूर्वीं हा धंदा चालतो कसा, हें घरानें समजून घ्यावें. धंदा हा शब्द येथें मुद्दाम योजिला आहे.

नवीन जालना ही व्यापाराची पेठ. बियाणें, पोलाद, कापूस यांचा भाव येथील लहान पोरासही ठाऊक असतो. पण चित्राचा भाव काय, असें विचारलें तर अनुभवी व्यापारीही गोंधळतो. शिवाय पहिली शंका अशी कीं, मुंबईचें १९५२ मध्यें उघडलेलें जहांगीर कलादालन येथून सुमारें चारशे किलोमीटर दूर. मग जालन्यास बसून चित्र विकावयाचें कोणास?

या शंकेस आपल्याच जिल्ह्यांतील भोकरदनची भूमि उत्तर देते. तेथील उत्खननांत हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. तिच्याशीं फार साम्य असलेली एक हस्तिदंती मूर्ति इटलींतील पाँपेई शहरीं १९३८ मध्यें मिळाली होती. तें शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. पाँपेईची मूर्ति भोकरदनास घडली असावी, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. इतरांचें मत निराळें आहे. पण भारतांतील एका कारागिराचें काम दोन हजार वर्षांपूर्वीं समुद्रापार जाऊन पोंचलें, एवढें तर निर्विवाद. आज आंतरजालामुळें गिऱ्हाईक गांवांतच असलें पाहिजे, ही अट उरलेली नाहीं. दूरच्या गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र मिळवावा लागतो, आणि त्याची सुरुवात सामानापासून होते.

अजिंठ्याच्या चित्रकारांनीं गेरू, पिवळी व हिरवी माती, काजळी आणि चुना असे साधे रंग वापरले. निळ्यासाठीं मात्र दूर बदख्शानकडील लाजवर्द दगड आणविला. तीं चित्रें सुमारें दीड हजार वर्षें टिकलीं, याचें मोठें श्रेय त्या रंगांच्या निवडीस आहे. आजच्या चित्रकारानेंही अनेक स्वस्त रंगांऐवजीं थोडे पण पक्के रंग घ्यावे. ट्यूबवर रंगद्रव्याचें नांव व प्रकाशांत टिकण्याची प्रत छापलेली असते, ती वाचावी. तरीही खात्री घरींच करावी. कागदावर प्रत्येक रंगाची पट्टी ओढावी, तिचा अर्धा भाग काळ्या कागदानें झांकावा आणि तो कागद दोन महिने उन्हाच्या खिडकींत ठेवावा. झांकलेल्या व उघड्या भागांत फरक दिसला, तर तो रंग विकाऊ चित्रांत वापरूं नये. जलरंगास कापसाचा, आम्लविरहित, जाड कागद असावा. दौलताबादेजवळील कागझीपुऱ्याचा हातकागद घ्यावयाचा असेल, तर त्यावर पाणी कसें पसरतें हें आधीं पाहावें. तैलचित्र वरून वाळलेलें दिसलें, तरी आंतून वाळण्यास महिने लागतात; घाईनें व्हार्निश देऊन तें पाठविणें म्हणजे गिऱ्हाईक गमावणें होय.

आतां किमतीचें पाहूं. समजा, सोळा इंच लांब व बारा इंच रुंद असें जलरंगचित्र आहे. सामान व माउंट ९०० रुपये, बांधणी व टपालखर्च ४०० रुपये, आणि १४ तासांची मेहनत ताशीं २०० प्रमाणें २,८०० रुपये. एकूण ४,१०० झाले. विक्री करून देणारा एकतृतीयांश दलाली घेणार असेल, तर चित्राची किंमत ६,१५० ठेविली तरच ४,१०० हातीं उरतील. घरून नेणाऱ्यासही हीच किंमत सांगावी. दारावर स्वस्त आणि दुकानांत महाग असें झालें, तर दुकानदार दुसऱ्यांदां चित्र ठेवून घेणार नाहीं. ओळखीखातर सूट देणें झालेंच, तर तिचा आंकडा वहींत लिहावा. वर्षाअखेर त्या आंकड्यांची बेरीज केली म्हणजे डोळे उघडतात.

वहीचा दुसरा उपयोग नांव राखण्याचा. सा. ल. हळदणकर यांचें हातांत समई घेतलेल्या स्त्रीचें प्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. त्यांनीं तें १९४५-४६ च्या सुमारास जलरंगांत काढलें, आणि त्यासाठीं त्यांची कन्या गीता उभी राहिली होती. तरी आजही कित्येक लोक तें रविवर्म्याचें समजतात. रविवर्मा तर १९०६ मध्येंच निवर्तले होते! म्हणून प्रत्येक चित्राच्या मागें नांव, साल, माप व साधन लिहावें, छायाचित्र घ्यावें आणि वहींत क्रमांक घालावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें चित्र विकलें, तरी तें छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाहीं. पण कोणी पैसे देऊन मुद्दाम चित्र काढवून घेतलें आणि निराळा करार नसला, तर तो हक्क काढवून घेणाऱ्याचा होतो. यास्तव दोन ओळींचा लेखी करार आणि निम्मी रक्कम आगाऊ, एवढें झाल्यावांचून कुंचला हातीं धरूं नये.

आंतरजालावर चित्र मांडतांना तें सावलींतल्या दिवसाच्या उजेडांत, समोरून, फ्लॅशशिवाय टिपावें. रंग उजळून दाखवूं नयेत. चित्र उघडतांच गिऱ्हाइकाची निराशा होते आणि तें परत येतें. माप इंचांत द्यावें, चौकट आहे कीं नाहीं तें सांगावें. गुंडाळावयाचें तैलचित्र रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीभोंवतीं गुंडाळावें. आणि ध्यानांत ठेवावें कीं, मोबाइलवरून पैसे मिळण्यासाठीं गुप्त पिन कधींच द्यावा लागत नाहीं. तो मागणारा खरेदीदार ठकच समजावा.

उरला प्रश्न घराचा. एकत्र कुटुंबांत चित्रकारास पहिली अडचण येते ती जागेची. ओलें चित्र हलवावें लागणार नाहीं असा एक कोपरा, दिवसाचे ठरलेले तास, आणि दोन-तीन वर्षांची मुदत, एवढें घरानें द्यावें. मुलीच्या बाबतींत तर त्या तासांत तिला स्वयंपाकघरांतून हांक मारूं नये. त्या बदल्यांत तिनें दरमहा वही वडिलांपुढें ठेवावी. मुदतीअखेर खर्च भागत नसेल, तर चित्रकला-शिक्षकाची नोकरी किंवा शिकवणीचे वर्ग यांची जोड द्यावी. त्यांत कमीपणा नाहीं.

आणि घरानें आणखी एक करावें. मुंजींत वा लग्नांत आहेर म्हणून घरच्या चित्रकाराचें चित्र द्यावयाचें असेल, तर त्याचें मोल रोख मोजावें. कापडाच्या दुकानांत आपण ठाण फुकट मागत नाहीं. आपल्याच घरांत ज्या कामास किंमत नाहीं, त्यास परक्यानें ती कां द्यावी?