घाटाचा टायर, महामार्गाचा टायर

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यात दरेकसा आहे. नागपूर-हावडा रेल्वेमार्गावरचं हे छोटं स्टेशन, आणि पलीकडे लगेच छत्तीसगडची हद्द. माघी पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे निघालेले भाविक, पावसाळ्यात हाजरा फॉल पाहायला येणारी मंडळी, नवरात्रात डोंगरगडच्या बम्लेश्वरीला जाणारी कुटुंबं, सगळ्यांच्या गाड्या याच जंगलपट्ट्यातल्या वळणांवरून जातात. यातलीच एखादी गाडी पुढच्या आठवड्यात नागपूरहून समृद्धी महामार्गावर चढते आणि ताशी 120 किलोमीटरने सिमेंटवर धावू लागते. गाडी तीच, टायरही तेच.

त्यामुळे या भागातल्या माणसाने ‘परफॉर्मन्स’ टायर घ्यायचा विचार केला, तर आधी रस्त्याचा हिशेब मांडायला हवा. या टायरचं रबर तुलनेने मऊ असतं, त्यामुळे ते रस्त्याला घट्ट धरतं. बाजूची भिंत बुटकी आणि कडक असल्याने स्टिअरिंग वळवताच गाडी वळते. ब्रेकही चांगला लागतो. मात्र मऊ रबर लवकर झिजतं, आणि बुटकी भिंत खड्ड्याचा दणका पचवत नाही, थेट रिमपर्यंत पोचवते.

मारुतीच्या बलेनोचं उदाहरण घेऊ. तिच्या खालच्या मॉडेलांना 185/65 आर15 टायर येतो, तर वरच्यांना 195/55 आर16. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा भिंतीच्या उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. गुणाकार केला की पहिल्या टायरची भिंत सुमारे 120 मिलिमीटर निघते, दुसऱ्याची 107. पूर्ण चाकाचा व्यास मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, साधारण 621 मिलिमीटर, म्हणून स्पीडोमीटर चुकत नाही. कमी झालेलं 13 मिलिमीटर रबर शहरात कुणाच्या लक्षातही येणार नाही. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात चाक आदळलं की ते जाणवतं. भिंतीवर फुगा येतो, म्हणजे आतले धागे तुटलेले असतात. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. जंगलातल्या रस्त्यांवर नेहमी फिरणाऱ्याने कंपनीने दिलेला उंच भिंतीचा आकार बदलू नये, हे स्पष्ट सांगायला हवं. मोठं अलॉय व्हील देखणं दिसतं, पण इथे ते महाग पडतं.

आकारापुढे ‘91 व्ही’सारखी खूण असते. 91 म्हणजे एका टायरवर 615 किलो भार चालतो आणि ‘व्ही’ म्हणजे ताशी 240 किलोमीटरपर्यंतची क्षमता. ‘टी’ची क्षमता 190, ‘एच’ची 210. एवढ्या वेगाने इथे कुणी गाडी हाकत नाही, तरीही बदली टायरची ही खूण कंपनीने सांगितलेल्यापेक्षा खालची नसावी, कारण वेगाची क्षमता म्हणजे मुळात उष्णता सोसण्याची क्षमता.

आणि उष्णता हीच विदर्भातली खरी परीक्षा आहे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात भिंत जास्त दबते, पुन्हा ताठ होते, आणि या दबण्यातून रबर तापतं. घाटात 40च्या वेगाला ते निभावतं. मे महिन्याच्या दुपारी 120च्या वेगाने न थांबता तासभर गेलं, तर आतले थर सुटू लागतात. 2023 मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर जाणाऱ्या गाड्यांचे टायर तपासून घासलेले टायर असलेल्यांना परत पाठवायला सुरुवात केली, ती याच काळजीपोटी. मात्र प्रत्येक अपघाताचा दोष टायरवर ढकलणंही बरोबर नाही. 1 जुलै 2023च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 जण गेले, तेव्हा पहिलं कारण ‘टायर फुटला’ असंच सांगितलं गेलं. परिवहन अधिकाऱ्यांच्या पाहणीत तसा पुरावा सापडला नाही.

हवा भरावी ती सकाळी, टायर थंड असताना. किती भरायची, तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. भर दुपारी गाडी चालवून पंपावर गेलं आणि काट्यावर 33 दिसले, म्हणून समाधान मानलं, तर दुसऱ्या सकाळी तोच टायर 28-29 दाखवू शकतो. उलट तापलेल्या टायरमधली ‘जास्त’ हवा सोडणं तर धोक्याचंच. नायट्रोजनचा आग्रह धरण्याची गरज नाही. साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो.

नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्याने बाद ठरतो. खाचांमध्ये त्या उंचीचे छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की वेळ भरली. धानाच्या या जिल्ह्यात पाऊस धो-धो पडतो, तेव्हा 3 मिलिमीटरलाच बदलणं शहाणपणाचं. उथळ खाचांतून पाणी बाहेर पडत नाही आणि चाक पाण्यावर तरंगतं. झीज पाहिली की रोगही कळतो. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी होती, मधला पट्टा घासला असेल तर जास्त, आणि एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट बिघडलं आहे. टायर पुढेमागे फिरवताना भिंतीवरचा बाण पाहावा. बाण असलेला टायर डावीकडून उजवीकडे नेता येत नाही.

दुकानात नव्या टायरची तारीखही वाचावी. भिंतीवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष: 2424 म्हणजे 2024चा चोविसावा आठवडा. हीच तारीख डिकीतल्या स्टेपनीवरही पाहावी. नक्षी कोरी असली तरी वर्षांगणिक तिचं रबर कडक होत जातं, आणि हवा तर बहुतेकांनी गाडी घेतल्यापासून एकदाही तपासलेली नसते.